डावीकडे हात ठेवणारा माणूस

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझं फर्मान येऊन तीन आठवडे होत आले. छातीत दुखतंय म्हणणाऱ्या माणसाकडे नुसतं बघून मी कारण कसं ओळखतो ते सविस्तर लिहून पाठवा, वॉर्डात नव्याने येणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांसाठी वही करतेय, त्यात बापाचं एक पान पाहिजे, असं तू लिहिलंस. मी उत्तर दिलं नाही. तू फोन केलास तेव्हा आईने सांगितलं की बाबा कामात आहेत. आई खोटं बोलत नाही, फक्त खरं बोलताना मधले शब्द गाळते. सव्वीस वर्षं तुरुंगाच्या दवाखान्यात गोळ्या मोजणाऱ्या कंपाउंडरकडे शिकल्यासवरल्या डॉक्टरने धडे मागावेत, याचा मला गर्व व्हायला हवा होता, आणि झालाही, साधारण एक दिवस. मग ते पत्र मी कपाटात ढकललं. आज रविवार, आई बाजारात गेली आहे, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पाठीला उशी लावून ताठ बसलो आहे. दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने बसता येत नाही. ते का, ते ओघात येईल.

आधी तुझी वही. माणूस काय बोलतो ते ऐकायच्या आधी त्याचा हात कुठे आहे ते बघ. ज्याचं हृदय खरोखर अडकलंय त्याला जागा दाखवताच येत नाही. तो छातीच्या मधोमध मूठ ठेवतो, नाहीतर सगळा पंजा फिरवतो, आणि दुखतंय असंसुद्धा म्हणत नाही. जड वाटतंय म्हणतो, आवळल्यासारखं होतंय म्हणतो. आमच्याकडे एक खाटीक होता. ज्या सुऱ्याने दोघांनी मिळून बारा वर्षं बकरे कापले, त्याच सुऱ्याने त्याने आपल्या भागीदाराला कापलं होतं. एका सकाळी नळावरच्या रांगेवरून त्याने एकाचा जबडा फोडला, मग त्या फुटक्या जबड्याला धरून स्वतःच माझ्याकडे घेऊन आला. मी पट्टी बांधत होतो आणि हा कोपऱ्यात उभा राहून लाजल्यासारखा हसत होता. म्हणाला, "मला काही नाही, यांचं बघा. जरा दम लागलाय एवढंच." कपाळावरून घाम टपकत होता, मूठ मधोमध होती, आणि कळ चढून त्याच्याही जबड्यात गेली होती. दोघांत जबडा फुटलेला माणूस जास्त तब्येतीत दिसत होता. गाडी मागवली, खाटीक वाचला. दोन महिन्यांनी परत आला आणि त्याच नळावर दुसऱ्याचे दोन दात पाडले. हृदयाचं काम उत्तम चाललं होतं. तेव्हा हे लिहून ठेव, खरोखर मरायला टेकलेला माणूस बहुतेक वेळा संकोचतो. आणि हेही लिही की बायका, म्हातारी माणसं आणि मधुमेहवाले यातलं काहीच जुमानत नाहीत. त्यांना नुसती मळमळ होते, गळून जातात, पाठ भरून येते, आणि घरातले सगळे एकमताने सांगतात की पित्त झालंय.

एका बोटाने "इथे" म्हणून दाखवणारा वेगळा. तिथे दाबलं की तो ओरडतो, खोकल्यावर, कूस बदलल्यावर, खोल श्वास घेतल्यावर कळ मारते. ती बरगडी, नाहीतर बरगड्यांमधला स्नायू. तुरुंगात बरगडी मोडण्याचं कारण एकच असतं, नोंदवहीत पानोपानी सापडेल: जिन्यावरून पडला. आमचा तुरुंग एकमजली आहे, हे तुला माहीत आहे. त्या नसलेल्या जिन्यावरून पडलेली शंभरएक माणसं मी आजवर पट्टीत बांधली असतील, आणि तपासणीला आलेल्या एकाही साहेबाने कधी म्हटलं नाही की चला, तो जिना दाखवा. जेवल्यावर, आडवं झाल्यावर जी छाती जळते, घशाशी आंबट येतं, ते पोटाचं दुखणं. पण त्यातही सावध राहा. एकाने कोर्टाची तारीख चुकवायला चमच्याचा दांडा गिळला होता आणि मी तीन दिवस त्याला जळजळीचं पांढरं औषध पाजत होतो. चौथ्या दिवशी त्याने माझ्या टेबलावर रक्त ओकलं तेव्हा मला शंका आली. मी तसा हुशार आहे, फक्त जरा वेळ लागतो. ताप असेल, खोकला असेल आणि श्वासागणिक सुरी फिरत असेल तर फुफ्फुस. एकाच बाजूला पट्टा ओढल्यासारखी आग होत असेल आणि वर कातडीवर काहीच दिसत नसेल, तर दोन-तीन दिवस थांब, नागिणीचे फोड उठतील. आमच्या एका म्हाताऱ्या कैद्याला त्या दोन-तीन दिवसांत शिपायांनी ढोंगी म्हणून नेमक्या त्याच बाजूला काठ्या घातल्या. फोड उठल्यावर एक शिपाई गंभीरपणे मला विचारायला आला की काठीने नागीण होते का हो.

राहिली भीती. निकालाच्या आदल्या दिवशी धडधडतं, बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, माणूस म्हणतो मी चाललो. ते दुखणंही खरंच असतं. पण भीती हे निदान सगळ्यात शेवटी करायचं, बाकी एकेक कारण तपासून बाजूला केल्यावर. आम्ही तुरुंगात उलट्या टोकाने सुरुवात करायचो. आमचं पहिलं निदान ढोंग. माणूस मेला तरच पुढचा विचार.

तुला जे पान हवंय ते नेमकं हेच. आमच्याकडे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी दोन-दोन तास येतात. एरवी छातीत दुखलं तर माणसाला बाहेरच्या इस्पितळात न्यायचं की नाही, हे मी ठरवतो. न्यायचं म्हणजे गाडी, ड्रायव्हर, दोन शिपाई, बेड्या, आणि त्या शिपायांची सुट्टी बुडाली म्हणून त्यांनी मला दिलेल्या शिव्या. कैद्याला मात्र काचेतून रस्ता दिसतो, बायामाणसं दिसतात, इस्पितळातली नर्स चक्क "काका" म्हणते. त्यामुळे दर आठवड्याला आठ-दहा हृदयं बंद पडायला यायची. माझ्या लक्षात आलं की ढोंग करणारा हात डावीकडे ठेवतो, कारण हृदय डावीकडे असतं असं त्याला शाळेत शिकवलंय. खऱ्याचा हात मधोमध. झाला नियम तयार. डावीकडे हात, चल परत बराकीत. मी तो शिपायांनाही शिकवला, म्हणजे माझ्या दारात गर्दीच नको. इस्पितळाच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या, वार्षिक तपासणीत साहेबांनी माझं नाव घेतलं, आणि तो नियम मोठ्या अक्षरांत दवाखान्याच्या भिंतीवर लावला. घरी मी तुम्हा दोघींना नक्कल करून दाखवली. तू ठसका लागेपर्यंत हसलीस आणि पुढे ती नक्कल कॉलेजभर केलीस. आई हसली नव्हती. ती म्हणाली, "आणि एखाद्याचं खरंच डावीकडे दुखत असलं तर?" मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळतं. सहा महिन्यांत तो नियम सगळ्या बराकींना पाठ झाला आणि ढोंगी लोक मधोमध मूठ ठेवून यायला लागले, अशा देखण्या मुठी की पुस्तकात छापाव्यात. म्हणजे नियमाचा उपयोग संपला होता. पण तो भिंतीवर होता, आणि सरकारी भिंतीवर लागलेलं काही खोटं ठरत नाही.

तुझं पत्र आलं मंगळवारी. शिंपी आला बुधवारी.

शिंपी म्हणजे आमच्या शिवणकामाच्या शेडमधला कैदी, वय बावन्न. त्याने मेव्हण्याला कात्रीने भोसकलं होतं, अकरा वेळा. आकडा तो स्वतःच सांगायचा, हातात टेप घेऊन जगलेल्या माणसाला मोजायची सवय असते. तो भला माणूस होता असं मी लिहिणार नाही. मेलेल्याला भलं ठरवायला काही कष्ट पडत नाहीत. नऊ वर्षांत तो दवाखान्यात दोनदा आला, दोन्ही वेळा बोटात सुई मोडून. शिपायांचे गणवेश तोच शिवायचा. आमचा मोठा शिपाई, ज्याला सगळे पहिलवान म्हणतात, नव्या पँटचं माप द्यायला गेला. शिंप्याने टेप लावली, कंबर चाळीस भरली. पहिलवान म्हणाला, अडतीस लिही. शिंपी म्हणाला, "माणूस ऐकेल हो, कापड नाही ऐकत." पहिलवानाने त्याच्या एक थोबाडीत दिली आणि शिंप्याने अडतीसची पँट शिवली. त्या बुधवारी सकाळच्या हजेरीला, सहाशे कैद्यांसमोर, पहिलवानाने आमच्या अधीक्षकसाहेबांना सलाम ठोकून टाच आपटली, आणि पँट मागून कमरेपासून खालपर्यंत उसवली. दवाखान्यात बसून मला सहाशे माणसांचं हसणं ऐकू आलं. साहेब हसले. मी बाहेर येऊन बघितलं आणि मीही हसलो. खूप हसलो, डोळे पुसावे लागले. एवढ्या सगळ्यांना काही मारता येत नाही, म्हणून पहिलवानाने त्यातला एक निवडला.

दुपारी चार वाजता तो शिंप्याला घेऊन माझ्या दारात आला. शिंपी डावीकडे वाकलेला, उजवा हात डाव्या काखेखाली दाबून धरलेला. म्हणाला, "छातीत," मग थांबून श्वास घेतला, मग म्हणाला, "दुखतंय." दोन शब्दांच्या वाक्यात ज्याला मधे थांबावं लागतं त्याचं काय करायचं असतं, हे तुमच्याकडे पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असेल. मी टेबलाच्या अलीकडून त्याच्याकडे बघितलं. पहिलवान मागून म्हणाला, "कंपाउंडरसाहेब, हात बघा कुठाय. तुमचाच नियम." मी नोंदवही ओढली आणि लिहिलं: छातीत दुखत असल्याची तक्रार, हात डावीकडे, ढोंग, परत पाठवले, वेळ चार वाजून दहा मिनिटे. खाली सही. मी त्याला हात लावला नाही. नाडी बघितली नाही. खुर्चीतून उठलोसुद्धा नाही. खोटं बोलणाऱ्या प्रत्येकाला माझा नियम माहीत होता. ज्याने नऊ वर्षांत एकदाही ढोंग केलं नव्हतं त्याला तो ध्यानात ठेवायचं काही कारणच नव्हतं. तो बिचारा जिथे दुखत होतं तिथे हात ठेवून आला.

सकाळी सहाच्या मोजणीत तो उठला नाही. मला बोलावलं तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेलाच होता, त्याला आडवं होताच आलं नसणार. ओठ निळे, अंग गार, जबडा ताठरलेला. मी त्याचा शर्ट वर केला. डाव्या बाजूला बशीएवढा काळानिळा डाग होता. शेजारच्या कैद्याने सांगितलं की रात्र पडेपर्यंत तो कुत्र्यासारखा धापा टाकत होता, आम्ही शिपायाला हाका मारल्या, शिपायाने विचारलं हात कुठे ठेवलाय, आम्ही सांगितलं डावीकडे.

नऊ वाजता साहेबांनी मला चहा पाजला. बिस्किटंसुद्धा होती, त्यावरूनच मला कळायला हवं होतं. साहेब म्हणाले, "हृदयविकार. या वयात दुसरं काय होणार?" गंमत बघ. माणूस जिवंत होता तोवर त्याच्या हृदयाला काही झालेलं नाही असं आम्ही सगळे ठासून सांगत होतो, आणि मेल्यावर तेच हृदय आम्हा सगळ्यांच्या मदतीला धावून आलं. पुढे शवविच्छेदनात डावीकडच्या तीन बरगड्या मोडलेल्या आणि फुफ्फुस मिटलेलं निघालं, पण त्याचं उत्तर साहेबांनी त्या चहाच्या वेळीच तयार ठेवलं होतं. कंपाउंडरने जीव वाचवायला अर्धा तास छाती दाबली, त्यात मोडल्या. दाबताना बरगड्या मोडतात, ते तुला मी सांगायला नको. विच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनीही लिहून टाकलं, तसे झाले असणे शक्य. चहा संपताच साहेबांनी माझ्यापुढे एक कोरी नोंदवही ठेवली. जुनी सगळी माझ्याच अक्षरात त्यात उतरवायची, फक्त बुधवारची नोंद बदलायची: हृदयविकाराचा संशय, गोळी दिली, गाडी मागवली, गाडी नादुरुस्त. आणि गुरुवार सकाळ: अर्धा तास छाती दाबली, यश आले नाही. वर साहेब म्हणाले, "तुमच्या नावाने कौतुकाचं पत्र काढतो." जुन्या वहीत मी निष्काळजी आहे आणि नव्या वहीत देवमाणूस. शिंपी दोन्ही वह्यांत मेलेलाच.

तुझ्या कामाचं आहे म्हणून लिहितो. छाती दाबताना मोडतात त्या बरगड्या समोरच्या, मधल्या हाडाजवळच्या, बहुतेक दोन्ही बाजूंच्या. याच्या मोडल्या होत्या त्या काखेखालच्या, सातवी, आठवी, नववी, आणि एकाच बाजूच्या. डागाचंही तसंच. अंगात रक्त फिरत असेल तरच कातडीखाली तो तसा पसरतो. गार पडलेल्या माणसाला दिवसभर दाबत बसलं तरी तसा डाग उठत नाही. बुधवारी दुपारी शेडच्या मागे काय झालं, ते मला मास्तरांनी सांगितलं. मास्तर म्हणजे दवाखाना झाडणारे जन्मठेपेचे म्हातारे कैदी. ते तिथे केर टाकायला गेले होते आणि पिंपामागे बसून राहिले. पहिलवानाने शिंप्याच्याच टेपने त्याचे हात मागे बांधले. दोन शिपायांनी त्याला जमिनीवर कुशीवर दाबून धरलं. पहिलवानाने विचारलं, "किती?" शिंपी म्हणाला, "चाळीस." पहिलवानाने बरगडीत बूट हाणला. आवाज सुकं लाकूड तुटल्यासारखा आला, असं मास्तर म्हणाले. "आता किती?" शिंपी म्हणाला, "चाळीस." पुन्हा बूट, त्याच जागी. धरणाऱ्यांतला एक शिपाई म्हणाला, "अरे, अडतीस म्हण ना, काय जातंय तुझं." शिंप्याने तोंड उघडलं, पण आता त्याच्याकडे आकड्यापुरताही श्वास नव्हता. पहिलवानाला वाटलं हा मुद्दाम गप्प आहे. म्हणून तिसरी.

मी साहेबांना म्हणालो, मी छाती दाबली नाही. हे शौर्य वगैरे समजू नकोस. सव्वीस वर्षं बिनबोभाट "जिन्यावरून पडला" लिहिणाऱ्या हाताला त्या दिवशी काय झालं, माझं मलाच कळलं नाही. साहेबांनी बिस्किटांची बशी आपल्याकडे ओढून घेतली. दोन दिवसांनी मी औषधांच्या कोठारात खोकी उतरवत होतो, तेव्हा पहिलवान आत आला आणि त्याच्या मागे दार लागलं. त्याने मला पोत्यासारखं वळवून फळीवर दाबलं आणि डाव्या कुशीत गुडघा घातला. दोनदा. सलाइनच्या बाटल्या फुटल्या, मी त्या काचांत बसलो. तळहातात गेलेले तुकडे मी नंतर स्वतःच चिमट्याने काढले. श्वास परत येईपर्यंत तो शांतपणे थांबला, मग वाकून विचारलं, "कुठं दुखतंय, कंपाउंडरसाहेब?" माझा हात आपोआप जिथे जायचा तिथे गेला. तो म्हणाला, "डावीकडे? मग ढोंग आहे," आणि मनापासून हसला. एवढा अचूक विनोद मला आयुष्यात एकदाही सुचलेला नाही.

घरी मी सांगितलं की तुरुंगाच्या जिन्यावरून पडलो. आई म्हणाली, "तुमच्याकडे जिना कधी बांधला?" मग काही न विचारता गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. तू काळजी करू नकोस. एका बोटाने दाखवता येतं, आठवी बरगडी आहे, ताप नाही, आणि वाक्य एका श्वासात पुरं होतं. रोज सकाळी मी एक लांबलचक वाक्य मोठ्याने म्हणून बघतो, बहुतेक साहेबांना घातलेली शिवीच असते. आई आतून म्हणते, झाली तपासणी, आता चहा घ्या.

आता जे मी तिलाही सांगितलेलं नाही ते. इथपर्यंत वाचून तुला वाटलं असेल की बाबांचा नियम चुकला, बाबांना वाईट वाटतंय. मलाही तसंच वाटावं म्हणून मी तीन आठवडे धडपडतो आहे. पण नियमाचा काही दोष नाही. त्या बुधवारी आमच्याकडे भिंतींना चुना देणं चालू होतं, शेडच्या मागे सगळीकडे पांढरा चिखल होता. शिंपी दारात उभा होता तेव्हा त्याच्या राखाडी शर्टावर, हाताच्या थोडं खाली, बुटाच्या तळव्याचा पांढरा ठसा होता. अर्धाच, टाचेकडचा, पण खिळेसुद्धा मोजता आले असते. आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या पहिलवानाचे बूट घोट्यापर्यंत पांढरे होते. ते मी बघितलं. चार वाजून दहा मिनिटांनी, खुर्चीत बसून, चष्मा लावून बघितलं. शिंप्याने माझ्या नजरेत बघितलं, मी काय बघतोय ते त्याला कळलं, आणि त्याने तो दाबलेला हात किंचित वर घेतला, ठसा नीट दिसावा म्हणून. तोंडाने बोलायची सोय नव्हती, मारणारा मागेच उभा होता. त्याने मला पुरावा दाखवला, आणि मी वही ओढून ढोंग असं लिहिलं. मला पहिलवानाची भीती वाटली, बस. माझ्या छातीत त्या क्षणी धडधडत होतं, बोटांना मुंग्या आल्या होत्या. त्या दिवशी त्या खोलीत भीतीचा रोगी एकच होता आणि तो खुर्चीत बसला होता. तो नियम तुझ्या वहीत घालू नकोस. घालायचाच असेल तर शिंप्यासकट घाल, आणि माझं नाव गाळू नकोस.

उद्या सोमवारी अकरा वाजता दंडाधिकाऱ्यांपुढे चौकशी आहे. जुनी वही मी शनिवारी पोटाशी बांधून बाहेर काढली, बरगडीच्या पट्ट्याखाली, तिथे कुणी झडती घेत नाही. नव्या वहीवर मी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही आणि साहेब म्हणतात, उद्या नुसतं तोंडी सांगा, वही मागाहून होईल. मी काय सांगेन ते मला माहीत नाही. आज या टेबलाशी मी ठाम आहे. पण उद्या पहिलवान दाराशी उभा असेल, मी त्याला ओळखतो आणि स्वतःला त्याच्याहून जास्त ओळखतो. म्हणून हे पत्र. आई बाजारातून आली की दुपारच्या बसने तुझ्याकडे निघेल, तिच्या पिशवीत हे पत्र आणि ती वही असेल. तिने हे वाचलेलं नाही, पण मला लिहायला तिनेच बसवलंय. तू उद्या तिला घेऊन ये आणि मागच्या बाकावर बस. मी खरं बोललो तर गप्प बसून राहा, वही मीच तुझ्याकडून मागून घेईन. पण माझ्या तोंडून "मी छाती दाबली" हे तीन शब्द निघाले, तर उभी राहा आणि हे पत्र आणि वही दंडाधिकाऱ्यांच्या हातात दे. लोक म्हणतील पोरीने बापाला बुडवलं, म्हणू देत. त्या वेळी मी तुझ्याकडे वळून बघेन, मान हलवून नको नको म्हणेन, कदाचित छातीत दुखतंय असंही म्हणेन. तेव्हा माझा हात कुठेही असो, तू थांबू नकोस.

तुझाच, उद्या काहीही बोललो तरी,
बाबा